शेकाच्या पिशव्या आणि कानबाईचा गहू

१७ जून, मंगळवार

ही माझी मापांची वही. पुढून गिऱ्हाइकांचे ब्लाउज, मागून आजपासून अक्का.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई, बेबाबाई. वय सहासष्ट, आवाज मात्र तिशीतला. पाच महिन्यांपासून उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. आधी म्हणाल्या, उशी चुकली. मग म्हणाल्या, वारं लागलं. आज शेवटी आम्ही दोघं नवरा-बायको त्यांना पिकअपमध्ये घालून शिरपूरहून धुळ्याला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, खांदा आखडलाय. एक इंजेक्शन देऊन बघू. अक्का म्हणाल्या, "मना हात शे, तुना नही." डॉक्टर बिचारे हसले. मग त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या : रोज दोनदा शेक, भिंतीवर बोटं चालवायचा व्यायाम, आणि धीर. शिवाय हात कुठवर जातो ते रोज लिहून ठेवा, म्हणाले. लिहायचं काम अर्थात माझ्याकडे आलं, कारण घरात टेप माझ्याच गळ्यात असतो.

घरी आल्यावर अक्कांना स्वयंपाकघरातल्या भिंतीजवळ उभं केलं, बोटं चालवायला लावली आणि जिथे थांबली तिथे कापडावर खुणा करायच्या खडूने रेघ मारली. जमिनीपासून शेहेचाळीस इंच. डावा हात एकाहत्तरवर जातो.

त्रेसष्ट तरी हवेत. कारण चार ऑगस्टला सोमवारी कानबाईचं, आमच्या खानदेशच्या देवीचं, विसर्जन आहे. आदल्या दिवशी नारळाची कानबाई मांडायची, नथ-साडी घालून सजवायची, आणि सोमवारी सकाळी तिचा चौरंग डोक्यावर घेऊन वाजतगाजत अरुणावती नदीवर जायचं. आमच्या अख्ख्या भाऊबंदकीची कानबाई एकतीस वर्षं अक्कांच्या डोक्यावर गेली आहे. दोन्ही हात वर धरावे लागतात. डॉक्टरांना त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "कानबाईलगून जाई का वर?" डॉक्टर नाशिककडचे असावेत, त्यांना कळलं नाही. मला कळलं : कानबाईपर्यंत हात वर जाईल का.

१९ जून, गुरुवार

रबराची गरम पाण्याची पिशवी गळते. विजेचा पट्टा आणला तर अक्का त्याच्याकडे साप असल्यासारख्या बघतात, आणि तसंही आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हटलं, आपण शिंपीण आहोत, शेकाची पिशवी शिवायला काय लागतं? कापड, दाणे आणि चार टाके.

माझी अक्कल बघा. घरात सरकी पडली होती, म्हणून सरकी भरली. घरात साडीचे तुकडे पडले होते, म्हणून त्यांची पिशवी केली. तव्यावर ठेवली. सरकीचं तेल सुटलं, घरभर धूर झाला आणि साडी तव्याला अशी चिकटली की उलथण्याने खरवडली तरी निघेना. पॉलिस्टर! तोतारामनाना, म्हणजे माझे सासरे, खोकत ओट्यावर जाऊन बसले. हे म्हणाले, "मोहिनी, जेवणात काय आहे ते सांगून ठेव, म्हणजे आम्ही बाहेर खाऊन येऊ."

आता हसू येतंय, पण तेव्हा रडायला आलं होतं. मग सुती कापड शोधायला बसले. चहूकडे कापूस, माझ्या माहेरी असोद्यालाही कापूस, आणि आमच्या कपाटात धड वीतभर सुती कापड नाही. चादरीसुद्धा चमकणाऱ्या.

२३ जून, सोमवार

अक्कांनी सकाळी ट्रंकेतून स्वतःचं एक जुनं सुती लुगडं काढलं आणि माझ्या मशीनवर टाकलं. धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं की हातातून निसटत होतं. मी म्हटलं, कापू? म्हणाल्या, "नही ते काय पूजा करशी?"

आत मांजरपाटाची पिशवी, नऊ इंच बाय पाच. मध्ये तीन उभ्या शिवणी मारल्या, म्हणजे दाणे एका टोकाला गोळा होत नाहीत. दोन तृतीयांशच भरायची, गच्च भरली तर खांद्यावर बसत नाही, धोंड्यासारखी राहते. आत दादर ज्वारी आणि मूठभर ओवा. वर लुगड्याची खोळ, काढून धुता येईल अशी. ही सगळी हुशारी माझी. अगदी माझी असं नाही. शिवणी कुठे मारायच्या ते अक्कांनी सांगितलं. त्यांनी रिकामी पिशवी खांद्यावर ठेवली, डाव्या हाताने दाबून बघितली आणि नखाने तीन रेघा ओढल्या.

गरम झाली की नाही हे मी तळहाताने बघत होते. अक्का म्हणाल्या, तळहात खोटं बोलतो, भाकऱ्या थापून थापून तो मेलेला असतो. मनगटाच्या आतल्या बाजूला लाव. लावलं आणि चटका बसला. मग दोन मिनिटं थांबून खांद्यावर ठेवली. अक्कांनी डोळे मिटले. त्यांचा चेहरा सैल पडलेला मी पंधरा वर्षांत पहिल्यांदा बघितला. दुखतं असं ही बाई एकदाही म्हणाली नव्हती. डाव्या हाताने भाकरी थापत होती, आणि आम्हाला वाटायचं, म्हातारीची काहीतरी नवी लहर.

अठ्ठेचाळीस इंच.

१ जुलै, मंगळवार

एक्कावन्न. भिंतीवर रेघांची शिडी तयार झाली आहे. नाना येता-जाता बघतात आणि क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसं विचारतात.

आज मात्र माझं डोकं फिरलं. बिजलीबाई निंदणीला आली होती. ती सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून पाच जणींची टोळी घेऊन येते. सकाळी निघते, दिवसभर वाकून निंदते आणि परत जाते. दुपारी ओट्यावर पाणी प्यायला बसली ती उठताना कंबर धरून बसली. अक्का आत गेल्या आणि मी परवाच शिवलेली दुसरी पिशवी, नवीकोरी, गरम करून तिच्या कमरेला बांधली. संध्याकाळी ती पिशवी घेऊनच घरी गेली. मला कुणी विचारलंही नाही.

मी म्हटलं, अक्का, ती मी तुमच्यासाठी शिवली होती. म्हणाल्या, "माले एक खांदा शे. दोन पिशव्या कोठे लावू?"

वाद घालावा तर यांच्याशी घालता येत नाही, हीच अडचण आहे.

९ जुलै, बुधवार

चोपन्न. बिजलीबाई सांगत आली, "बाई, कंबर मोकळी व्हई गई." बाकीच्या चौघी मागे उभ्या होत्या. अक्का माझ्याकडे बघायला लागल्या. आता पाच पिशव्या शिवायच्या आहेत, बिजलीबाईलाही आणखी एक. शेजारची रत्नाही मानेसाठी मागते आहे.

गव्हाची एक करून बघितली. दादरपेक्षा गहू ऊब जास्त वेळ धरतो. घड्याळ लावलं होतं, वीस मिनिटं. मला या कामाचा नाद लागला आहे, खरं सांगायचं तर. ब्लाउज शिवताना मन कुठेही भटकतं. ही पिशवी शिवताना मात्र डोळ्यांपुढे कुणाची तरी कंबर असते.

अक्कांना सांगून ठेवलं की गहू निवडून ठेवा, खडे नकोत.

१३ जुलै, रविवार

पाचही पिशव्या झाल्या. अक्का म्हणाल्या होत्या, "निवडीसन ठेयेल शे, डबामा." पिठाच्या डब्याशेजारी पितळी डबा होता. गहू इतका स्वच्छ की एक काडी नाही, एक किडका दाणा नाही. मनात म्हटलं, एका हाताने इतकं निवडलं या बाईने! डबा बरोबर पाच पिशव्यांत संपला. रत्नाची राहिली.

सत्तावन्न! आठवड्यात तीन इंच. असंच चाललं तर कानबाईपर्यंत हात छपराला लागेल. उद्या बिजलीबाईला पिशव्या देते.

१४ जुलै, सोमवार

काय लिहू.

तो कानबाईचा गहू होता.

आमच्या घरात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवा गहू आला की अक्का त्यातला रोटाचा गहू वेगळा काढतात. भाऊबंदकीत जितके पुरुष, तितक्या सव्वा मुठी. यंदा एकोणतीस. तान्हं पोर असलं तरी त्याची सव्वा मूठ. तो गहू दळून रोट, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्या, होतात, आणि ते रोट भाऊबंदांबाहेर कुणी खायचे नसतात. त्यातला दाणासुद्धा बाहेर जात नाही. दरवर्षी तो डबा वरच्या फळीवर असतो. यंदा हात वर जाईना म्हणून अक्कांनी तो खाली ठेवला होता, पिठाच्या डब्याजवळ. माझ्यासाठी निवडलेला गहू स्टीलच्या डब्यात होता, झाकण लावून, माझ्या नाकासमोर.

सकाळी मी पाच पिशव्या हसत हसत वाटल्या. दुपारी अक्कांनी पितळी डबा उघडला. ओरडल्या नाहीत. रिकाम्या डब्यात हात घालून बसून राहिल्या. मी विचारलं आणि मला कळलं.

नेमक्या त्याच वेळी सुगंधाबाई आल्या. माझ्या चुलत सासूबाई. भाऊबंदकीत अक्कांनंतर त्यांचाच शब्द चालतो. त्यांना कळलं म्हणजे संध्याकाळपर्यंत अख्ख्या भाऊबंदकीला कळलं. ओट्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "तुनी सूननी कानबाईना गहू लोकेस्ना गुडघावर बांधी दिना. यंदा तिनी कानबाईले हात लावाना नही." वर म्हणाल्या, तो गहू परत आणून नदीत सोडा, नाहीतर घराला लागेल.

मला त्यांचा राग आला नाही. मला राग आला तो अक्का काही बोलल्या नाहीत याचा. एरवी तोंडाला कुलूप नसतं. आज सुगंधाबाईंकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "चहा ठेव."

१७ जुलै, गुरुवार

सत्तावन्न.

२१ जुलै, सोमवार

सत्तावन्नच. बोटं रेघेला टेकली की अक्का "बस" म्हणतात आणि हात खाली घेतात. मी शेक वाढवला. दिवसातून तीनदा. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, मध्ये थांबतं कधीकधी, चालू ठेवा.

मला माहीत आहे का थांबलं. तेरा तारखेला गहू गेला आणि तेरा तारखेलाच हात थांबला. मी शिकलेली आहे, बारावी आहे, असल्या गोष्टी मानत नाही असं म्हणत आले. पण भिंतीवरची ती रेघ दिसली की तारीख आठवते. आज न राहवून अक्कांना बोलले की माझ्यामुळे झालं. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "देव तुनासारखा वही लिखस का?" आणि मेथीची जुडी माझ्याकडे ढकलली.

आता व्यायामही दार लोटून करतात. म्हणतात, तू बघत असलीस की लाज वाटते. यांना लाज! पण दुखणारं माणूस, काय बोलणार. आज त्यांचा अंबाडा छान उंच बांधलेला होता. इतके महिने मी किंवा रत्ना बांधून द्यायचो. रत्नाने बांधला असेल, आल्यावर तिला सांगायला हवं की जरा सैल बांध, मान ओढली जाते.

२४ जुलै, गुरुवार

पिशव्या परत आणायच्या असं ठरवलं. अक्का नको म्हणाल्या, तरी गेले. यांना केळी भरायला त्या बाजूला जायचं होतं, पिकअपमध्ये बसले. वाटेत यांना बजावलं की तुम्ही गप्प बसायचं, मीच मागेन.

बिजलीबाईचं घर पाड्याच्या वरच्या टोकाला आहे. ती जे अंतर कंबर धरून रोज चालत येते ते गाडीतून बघताना मला शरम वाटली. आत तिचा नवरा सिंगा पालथा पडला होता. झाडावरून पडल्यापासून त्याची पाठ धरलेली आहे, हे तिने कधी सांगितलंच नव्हतं. माझी पिशवी त्याच्या पाठीवर होती. स्वतःच्या कमरेसाठी नेलेली गव्हाची पिशवी ती घरी नवऱ्याला बांधत होती.

तिच्याकडे लोखंडी तवा नाही, मातीचा आहे. तो लवकर तापत नाही आणि लवकर निवतही नाही, त्यामुळे पिशवी करपत नाही. हे मला सुचलं नसतं. शेजारी दुसरी एक पिशवी होती, जुन्या धोतराची, हाताने शिवलेली, आत ज्वारी. मी विचारलं, ही कुणाची? म्हणाली, "मीच शिवी. सासूले. तुनी देखीसन." टाके मोजून घातल्यासारखे. मी वीस वर्षं मशीन मारते आहे, माझी शिवण इतकी सरळ येत नाही.

मी का आले ते तिला सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. ती उठली आणि सिंगाच्या पाठीवरून पिशवी काढायला लागली. देवाचं आहे म्हटल्यावर तिने क्षणभरही विचार केला नाही. सिंगाने मान दुसरीकडे वळवली. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, राहू दे.

का म्हटलं ते मला सांगता येत नाही. येताना रडत होते. हे गप्प बसले होते, मी तसं बजावलंच होतं. मग हळूच म्हणाले, "बरं केलंस."

घरी येऊन अक्कांना सांगितलं की पिशव्या आणल्या नाहीत, आता काय व्हायचं ते होऊ दे. त्याही म्हणाल्या, "बरं कयं." मायलेकाचे शब्द सारखे कसे येतात कोण जाणे.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

अक्कांनी आज नवा गहू काढला. स्वतः निवडला, उन्हात घातला, आणि उजव्या हाताने मुठी मोजल्या. एकोणतीस वेळा मूठ, एकोणतीस वेळा वरची पाव मूठ. चेहऱ्यावर कळ दिसली नाही. दिसली असती तरी त्यांनी दाखवली नसती. नाव घेऊन मोजतात, "हाई नथ्थूनी, हाई नवलनी, हाई तेजसनी." एकोणतीस पुरुषांची नावं, एकही चुकलं नाही. मला माझ्या गिऱ्हाइकांची मापं वही उघडल्याशिवाय आठवत नाहीत.

संध्याकाळी बघते तर पितळी डबा वरच्या फळीवर. नानांना म्हटलं, तुम्ही कशाला चढलात स्टुलावर? नाना म्हणाले, "हं." त्यांना धड ऐकू येत नाही असं म्हणावं तर क्रिकेटचा स्कोअर बरोबर ऐकू येतो.

भिंत पुसायला घेतली. रेघा सोडून बाकीची. वरती, माझ्या डोक्याच्याही वर, पिठाची बोटं उमटली होती. कधीतरी मीच हात टेकला असेन. पुसून टाकली.

सत्तावन्न.

१ ऑगस्ट, शुक्रवार

आज तीन वेळा शेक दिला, ओवा ताजा घातला, सैंधव घातलं. अक्का मुकाट्याने शेकून घेतात. उद्या रोट. मी मनातल्या मनात कानबाईला म्हटलं, राग माझ्यावर काढ, हात त्यांचा सोड. एकतीस वर्षं तुला नेली त्या बाईने. गरोदर असताना नेली, ताप अंगात असताना नेली, त्यांचा दीर गेला त्या वर्षीही डोळे पुसून नेली. मी लग्न होऊन आले त्या वर्षी बघितलं होतं, चौरंग डोक्यावर आणि चाल अशी की नथ हलत नव्हती. तेव्हा मला वाटलं होतं, या बाईसमोर आपलं कसं व्हायचं. अजूनही तसंच वाटतं.

२ ऑगस्ट, शनिवार. रोट

सगळे भाऊबंद जमले. पुरण, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. मी आत चुलीपाशीच होते. कानबाईच्या कशालाही हात लावला नाही.

जेवणं झाल्यावर सुगंधाबाईंनी विषय काढला. सोमवारी कसं करायचं? अक्का सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. उजवा हात उचलला, खांद्यापर्यंत आला, थांबला. "नही जास," म्हणाल्या. मी दारातून बघत होते, मला ते बघवेना.

सुगंधाबाई म्हणाल्या, "मंग मी लेस."

"तू कसाले? मान मना घरना शे. मना हात नही चालत ते मनी मोठी सून शे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. सुगंधाबाई ताडकन म्हणाल्या, जिच्या हातून गहू गेला तिच्याच हातात कानबाई? अक्का म्हणाल्या, "त्या गहूनी पाच बायास्नं दुखनं कमी व्हयनं. तेनं कानबाईले काय वाईट वाटनं व्हई?" मग म्हणाल्या, "नही ते मीच लेस, आन् वाटमा पाडी देस. चाली का?"

नियम तसाच आहे. मोठ्या घरची बाई धडधाकट असेल तोवर मान तिचा, ती थकली की तिच्या मोठ्या सुनेचा. भाऊबंदकीतल्या थोरांनी माना डोलावल्या.

मी मोरीत जाऊन रडले. हा मान मला असा नको होता, त्यांचा हात जाऊन. अक्का दाराशी आल्या. म्हणाल्या, डोक्यावर भरलेली घागर घेऊन अंगणात चार फेऱ्या मार, आधी सवय कर. घेतली. पाणी सगळं अंगावर सांडलं. त्या उभ्या राहून हसत होत्या. माझी मान मोडेल की काय अशी भीती, आणि यांना हसू!

३ ऑगस्ट, रविवार

कानबाई बसली. लिहायला वेळ नाही. घागर आता सांडत नाही.

४ ऑगस्ट, सोमवार

दुपार झाली आहे. घरात सगळे आडवे झालेत. मला झोप येत नाही, म्हणून लिहून टाकते.

सकाळी अक्कांनी मला स्वतःच्या हाताने चुंबळ करून दिली आणि नानांनी चौरंग उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. जड लागला. अक्का कानाशी म्हणाल्या, "खाले देखू नको. मन्हाकडे देखत चाल." आणि त्या पुढे गेल्या.

गल्ली भरली होती. डफ वाजत होते, बायका पायांवर पाणी घालत होत्या. बिजलीबाईची टोळी कोपऱ्यावर उभी होती, पाचही जणी. आज त्यांनी काम बुडवलं होतं. सुगंधाबाई माझ्या उजव्या बाजूला चालत होत्या, मी कुठे चुकते ते बघायला. मी अक्कांच्या पाठीकडे बघत चालले. मान भरून आली, तरी बघत चालले.

नदीकडच्या उतारावर डफाची लय वाढली. बायकांनी रिंगण धरलं. रत्नाने अक्कांना आत ओढलं. आणि अक्कांनी दोन्ही हात वर केले.

दोन्ही. डोक्याच्या वर, सरळ, कोपर न वाकवता. टाळ्या वाजवत, गिरक्या घेत नाचायला लागल्या. उजवा डाव्यापेक्षा बोटभर खाली होता, तेही मी शिंपीण म्हणून मला दिसलं. असा हात एका सकाळीत वर जात नाही. मला तिथे, चौरंगाखाली, सगळं एकदम कळलं. किती दिवस ही बाई माझ्यासमोर हात रेघेशी थांबवत होती, आणि मी वहीत लिहीत होते! तिला कानबाई घेता आली असती. एकतीसची बत्तीस वर्षं झाली असती. माझ्या माथी दोष लागला त्या दुपारी ती गप्प बसली आणि तेव्हापासून गप्पच राहिली, या सकाळीसाठी.

सुगंधाबाई थांबल्या. त्यांनी अक्कांच्या हातांकडे बघितलं. मग माझ्याकडे.

माझे डोळे वाहत होते आणि पुसायला हात मोकळे नव्हते. पुढचं काही दिसेना. सुगंधाबाईंनी पदराचं टोक घेतलं आणि माझे दोन्ही डोळे खसाखसा पुसले, जरा जोरातच.

"देखीसन चाल वं," त्या म्हणाल्या, "कानबाई शे डोकावर."